कात्री, कोंबडा आणि खुदरी

मध्यमवर्गीय घरात कात्र्या किती असतात, याची शिरगणती सरकारने कधी केलेली नाही. आमच्या घरी चार आहेत. एक कापडाची, तिने कागद कापला तर सौभाग्यवती माहेरी जाण्याची भाषा करतात. एक कागदाची; तिला धार नाही म्हणून सगळे कापडाचीच वापरतात. एक दुधाच्या पिशव्यांची, आणि एक माझ्या मिशांची, जी मला सोडून सगळ्यांना सापडते. रिकामी कात्री वाजवली की घरात भांडण होतं म्हणतात. आमच्याकडे कात्रीला हातही न लावता ते जमतं.

पाचवी कात्री निवडायची वेळ आली ती नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात वरच्या मजल्यावर राहणाऱ्या आप्पांमुळे. आप्पा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. जिथे धरण तिथे बदली, आणि जिथे बदली तिथे गळ टाकून बसायचं, असा त्यांचा जन्म गेला.

"अरे, माशी बांधायला एक चांगली कात्री बघ," ते म्हणाले. "जुनीचं टोक गेलं."

मी कॉमर्सचा पदवीधर, त्यातून वीस-बावीस वर्षं बँकेत कारकून. 'मक्षिकास्थाने मक्षिका' हे आमच्या धंद्याचं ब्रीदच. मला वाटलं, हे आपल्याच खात्यातलं काम दिसतंय. पण आप्पांची माशी निराळी. गळ एका चिमुकल्या व्हाइसमध्ये घट्ट धरायचा, त्यावर बारीक दोरा गुंडाळत जायचं, आणि त्या दोऱ्यात लोकर, जर, पिसं अडकवून किडा उभा करायचा. मासा त्याला खरा समजून तोंड घालतो. बँकेच्या भाषेत सांगायचं तर बनावट तारणावर कर्ज उचलणं.

ही फसवणूक फार जुनी. इ.स. 200 च्या सुमारास ईलियन नावाच्या रोमन लेखकाने मॅसिडोनियातल्या मासे पकडणाऱ्यांची हकिकत लिहून ठेवली आहे. ते गळाला तांबडी लोकर गुंडाळत आणि तिच्यावर कोंबड्याच्या गलोलीखालची मेणाच्या रंगाची दोन पिसं बसवत. काठी किती लांब, दोरी किती लांब, सगळं त्याने लिहिलं. कात्रीबद्दल मात्र चकार शब्द नाही. वास्तविक दोन पाती खिळ्यावर फिरणारी कात्री रोमन लोकांकडे होती. त्याआधीची कात्री म्हणजे एकाच पट्टीला चिमट्यासारखा बाक देऊन केलेली.

आपल्याकडचा इतिहास आणखी राजेशाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने 1130 च्या आसपास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. राजाने मन कसं रमवावं हे सांगताना त्याने 'मत्स्यविनोद' नावाचा भाग घातला आहे. कोणता मासा, त्याला कोणतं आमिष, काठी कशी, दोरी कशाची, सारं तपशीलवार. राज्यकारभार सांभाळून या माणसाने हे लिहिलं कधी, हा प्रश्न मला क्लोजिंगच्या दिवसांत हटकून पडतो. पण सोमेश्वराचं आमिष खाण्याचं होतं, पिसांचं नव्हे. त्यामुळे कात्रीचा प्रश्न त्याच्यापुढे आलाच नाही.

तो आला इंग्रजांपुढे. शेफील्डच्या रॉबर्ट हिंचलिफने 1761 च्या सुमारास ओतीव पोलादाच्या कात्र्या करायला सुरुवात केली. पुढे व्हिक्टोरिया राणीच्या काळात सामन माशासाठी रंगीबेरंगी माश्या बांधायचं खूळ साहेबाच्या डोक्यात शिरलं. 'जॉक स्कॉट' नावाची माशी तर इतकी नटवी की तिच्यासाठी देशोदेशीची पाखरं लागत. तिच्या दोन्ही अंगांना जे पीस लागे ते आपल्या रानकोंबड्याचं! आपल्या सह्याद्रीत आणि खाली दक्षिणेत राहणारा हा राखी रानकोंबडा. त्याच्या मानेच्या पिसांवर मेणाचे थेंब सांडावेत तसे चकचकीत ठिपके असतात. म्हणजे कोंबडा आमचा, कात्री त्यांची, आणि मासा स्कॉटलंडचा. 1902 साली सरकारने पक्ष्यांची कातडी आणि पिसं परदेशी पाठवायला बंदी केली. आता 1972 च्या वन्यजीव कायद्याने हा कोंबडा सुरक्षित आहे. आप्पा गावठी कोंबड्याच्या पिसांवर भागवतात. ती वाड्यात कोणत्या वाटेने येतात, याची चौकशी खालच्या काकू अजून करताहेत.

आणि हे सगळं ज्याच्यासाठी, तो मासा तर अस्सल पुणेकर. कर्नल साइक्स नावाच्या साहेबाने 1839 साली दख्खनच्या माशांची शास्त्रीय वर्णनं प्रसिद्ध केली. त्यातला एक मासा पुण्याच्या पूर्वेला काही मैलांवर मुळा-मुठेत मिळालेला. इथले लोक त्याला 'खुदरी' म्हणत, म्हणून साहेबानेही तेच नाव ठेवलं. आज जगभरचे शास्त्रज्ञ या महसीर माशाला 'टॉर खुदरी' म्हणतात. मुठेचं पाणी आज कसं आहे ते नारायण पेठेतल्या माणसाला वेगळं सांगायला नको. पण लोणावळ्याला टाटांच्या वळवण तलावाशी 1970 च्या दशकापासून महसीरची पैदास होत आली. त्यावर शोधनिबंध लिहिणारे कोण, तर कुलकर्णी आणि ओगले! ही नावं वाचून मी स्वतःला नसत्या कामात पडल्याचा दोष देणं बंद केलं.

तर कात्री. माशी संपवताना उरलेला दोरा गळाच्या नाकाशी कापावा लागतो. कात्रीचं टोक जाड असलं तर शेजारचा दोराही तुटतो आणि तासाभराचं काम सुटून मोकळं होतं. म्हणून पाती आखूड, टोक सुईसारखं, आणि धार थेट टोकापर्यंत हवी. एका पात्याला बारीक दाते असले की गुळगुळीत पीस निसटत नाही. जरीची तार या कात्रीने कधी कापायची नाही. त्याला दुसरी, जुनी. हे सगळं ठीक. पण आप्पांचा हात हल्ली थरथरतो. सारखी उचल-ठेव केली तर नेम चुकतो. कड्या मोठ्या असल्या तर कात्री बोटांतच ठेवून काम करता येतं. म्हणजे खरी निवड कड्यांची होती, आणि ती आप्पांनी आपल्या तोंडाने सांगितली नव्हती.

शिंप्याच्या कात्र्या पाहून झाल्या, त्या सगळ्या दणकट. शेवटी शस्त्रक्रियेची हत्यारं विकणाऱ्या दुकानात गेलो. डोळ्यांच्या ऑपरेशनची कात्री टोकाला उत्तम, कड्या मात्र लहान.

"डॉक्टर का आपण?"

"नाही, बँकेत."

"मग कापायचं काय?"

"पिसं."

त्याने माझ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि मोठ्या कड्यांची एक काढून दिली. मी खिशातला दोरा टोकाने कापून पाहिला. कापला.

आप्पांनी ती अंगठ्यात आणि करंगळीशेजारच्या बोटात अडकवली, मूठ मिटली, उघडली. हात थरथरत होताच. मग मनगट टेबलाच्या कडेला टेकवलं, आणि दोऱ्याचं टोक गळाच्या नाकाशी अलगद उडवलं.

"पुतण्या रविवारी येतोय," ते म्हणाले. "अजून पाच व्हायला हव्यात. तो दिवा जरा इकडे सरकव."