समकालिक प्रोग्रॅमिंग

समकालिक प्रोग्रॅमिंग : विमाने, अणुभट्ट्या, रेल्वे अशा यंत्रणांचे नियंत्रण करणाऱ्या एम्बेडेड संगणकांसाठी आज्ञावली रचण्याची गणिती पद्धत. या पद्धतीत काळ हा एकामागून एक येणाऱ्या सुट्या क्षणांचा बनलेला मानतात आणि एखाद्या क्षणी आलेल्या संकेतांना संगणकाने दिलेला प्रतिसाद त्याच क्षणात पूर्ण होतो, असे गृहीत धरतात. १९८० च्या दशकात फ्रान्समधील तीन संशोधक-गटांनी ही कल्पना स्वतंत्रपणे विकसित केली. त्यांतून एस्टरेल, लुस्त्र आणि सिग्नल या तीन भाषा निर्माण झाल्या.

गरज : पगारपत्रक काढणारी आज्ञावली आकडे घेते, हिशेब करते आणि थांबते. नियंत्रक संगणकाला थांबण्याची मुभा नसते. तो सतत बाहेरच्या जगाकडून संकेत घेतो आणि त्या जगाच्या वेगाने उत्तरे देतो. अशा प्रणालींना डेव्हिड हारेल व अमीर प्नुएली यांनी १९८५ मध्ये ‘प्रतिसादी प्रणाली’ म्हटले. येथे उशिरा आलेले बरोबर उत्तरही चूकच ठरते.

अशा प्रणालीत अनेक कामे एकाच वेळी चालतात. ती स्वतंत्र ठेवून प्राधान्यक्रमाने संगणकाचा वेळ वाटून द्यायचा, ही रूढ पद्धत होय. तिच्यात कोणते काम कोणत्या घडीला अडवले जाईल यावर परिणाम अवलंबून राहतो. त्यामुळे तेच संकेत पुन्हा दिले तरी वर्तन तेच राहील याची खात्री नसते. १९९७ च्या जुलैमध्ये मंगळावर उतरलेल्या मार्स पाथफाइंडर यानाचा संगणक याच कारणाने पुन्हापुन्हा बंद होऊन सुरू होत होता. कमी प्राधान्याच्या कामाने सामाईक साधन अडवले होते, मधल्या प्राधान्याची कामे त्याला पुढे सरकू देत नव्हती आणि सर्वांत महत्त्वाचे काम ताटकळत राहिले. प्राधान्य उसने देण्याची सोय पृथ्वीवरून सुरू केल्यावर दोष दूर झाला. असे दोष चाचणीत सापडणे फार कठीण असते, कारण ते घडायला वेळांचा नेमका योग जुळून यावा लागतो.

मूळ कल्पना : समकालिक पद्धत हा योगायोगच रचनेतून काढून टाकते. सर्व कामे एकाच क्षणक्रमाने पुढे जातात. एका कामाने दिलेला संकेत दुसऱ्याला त्याच क्षणी कळतो. लिहिताना कामे समांतर असतात, पण कंपायलर (आज्ञावलीचे यंत्रभाषेकडे भाषांतर करणारे साधन) ती सर्व विणून एकच सरळ आज्ञावली तयार करतो : संकेत वाचा, गणित करा, आदेश पाठवा, पुढच्या क्षणाची वाट पाहा. त्यामुळे संकेतांचा क्रम तोच असेल, तर वर्तनही नेहमी तेच राहते.

प्रतिसादाला वेळ लागत नाही हे गृहीतक भौतिक सत्य नाही. म्हणून प्रत्यक्ष यंत्रावर ते तपासावे लागते. वाचन, गणित आणि आदेश यांच्या एका फेरीला जास्तीत जास्त किती वेळ लागेल याचे गणित करतात आणि तो वेळ दोन क्षणांमधील अंतरापेक्षा कमी असल्याची खात्री करून घेतात. फेरीत अमर्याद लूप नसल्यामुळे हे गणित शक्य होते. तर्काचा प्रश्न आणि वेगाचा प्रश्न अशा रीतीने वेगळे काढले जातात, हे या पद्धतीचे सर्वांत मोठे देणे आहे.

तीन भाषा : एस्टरेलचा उगम सोफिया अँतिपोलिस येथे झाला. झाँ-पॉल मारमोरा आणि झाँ-पॉल रिगो यांना नियंत्रणाचे काम उपलब्ध भाषांत नीट मांडता येईना. गेरार बेरी यांनी त्यांच्या कल्पनांना गणिती अर्थ दिला. एस्टरेल आदेशांची भाषा आहे. ‘ए आणि बी हे दोन्ही संकेत आले की ओ द्या; आर आला की सुरुवातीपासून सुरू करा’, हे तिचे प्रसिद्ध उदाहरण. अवस्थांचे आलेख काढून हेच मांडू लागल्यास संकेतागणिक अवस्था दुपटीने वाढतात : दहा संकेतांपैकी कोणते आले याच्याच १,०२४ शक्यता होतात. एस्टरेलमध्ये मात्र प्रत्येक नव्या संकेतासाठी एकच पद वाढते.

लुस्त्र ग्रेनोब्ल येथे पॉल कास्पी व निकोला आल्ब्वाक्स यांनी घडवली. तिच्यावरील महत्त्वाचा निबंध १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. कास्पी नियंत्रण अभियांत्रिकीतून आले होते. अभियंते आकृत्या आणि समीकरणे वापरतात, मग आज्ञावलीही समीकरणांचीच का नसावी, हा तिच्यामागचा विचार. तिच्यात प्रत्येक चल म्हणजे मूल्यांचा प्रवाह असतो. ‘पहिल्या क्षणी शून्य, नंतर आधीच्या मूल्यात एक मिळवा’ एवढे म्हटले की क्षण मोजणारा गणक तयार होतो. रेन येथे आल्बेर बेनव्हेनिस्त व पॉल ल गेर्निक यांनी रचलेली सिग्नलही समीकरणांचीच भाषा आहे. वेगवेगळ्या लयीत येणाऱ्या संकेतांच्या घड्याळांचे परस्परसंबंध हा तिचा विशेष विषय होय.

कार्यकारणाचा पेच : प्रतिसाद तत्क्षणी मानल्यामुळे एक अडचण उभी राहते. ‘एस नसेल तर एस द्या’ या आज्ञेला सुसंगत उत्तरच नाही. ‘एस असेल तर एस द्या’ हिला दोन उत्तरे आहेत. अशा आज्ञावली कंपायलरने नाकारल्या पाहिजेत. लुस्त्रमध्ये कोणतेही मूल्य त्याच क्षणी स्वतःवर अवलंबून राहू नये, असा साधा नियम आहे. एस्टरेलसाठी बेरी यांनी अधिक सूक्ष्म निकष मांडला : प्रत्येक संकेत आहे की नाही हे कारणाकडून परिणामाकडे जात सिद्ध करता आले पाहिजे.

पडताळणी : समकालिक आज्ञावलीला नेमका गणिती अर्थ असल्याने तिच्याविषयी सिद्धता देता येते. ‘दार उघडे असताना लिफ्ट हलणार नाही’ ही अट त्याच भाषेत छोटी निरीक्षक आज्ञावली म्हणून लिहितात आणि मूळ आज्ञावलीसोबत समांतर चालवतात. निरीक्षकाचे उत्तर प्रत्येक शक्य अवस्थेत ‘खरे’ येते का, हे मॉडेल-तपासणीची साधने पाहतात. चाचणी निवडलेल्या प्रसंगांपुरते बोलते. सिद्धता सर्व प्रसंगांबद्दल बोलते.

उपयोग : एरबस ए३२० या विमानाने १९८७ मध्ये पहिले उड्डाण केले. वैमानिकाचे आदेश डिजिटल संगणकांमार्फत पंखांच्या पाळ्यांपर्यंत नेणारे हे पहिले नागरी प्रवासी विमान. त्याच्या नियंत्रणासाठी एरोस्पासियाल या विमान-कंपनीने आकृतींवर आधारित स्वतःचे साधन वापरले होते. मेर्लँ-जेरँ कंपनीने अणुवीज केंद्रांच्या सुरक्षा-प्रणालींसाठी लुस्त्रवर आधारित साधन रचले होते. १९९० च्या दशकात या दोन धारा एकत्र येऊन स्केड हे औद्योगिक साधन तयार झाले. त्याचा कोड-जनक विमान-सॉफ्टवेअरच्या डीओ-१७८बी मानकातील सर्वांत कडक पातळीच्या कामांसाठी पात्र ठरला. ए३८० च्या उड्डाण-नियंत्रणात स्केडचा वापर झाला आहे.

मुंबईतील संशोधन : या विषयात मुंबईचा थेट वाटा आहे. अनेक संगणक दूरदूर असतील, तर सर्वांसाठी एकच सामाईक क्षण राखता येत नाही. ही समकालिक पद्धतीची मुख्य मर्यादा. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील आर. के. श्यामसुंदर आणि आयआयटी मुंबईतील एस. रमेश यांनी बेरी यांच्यासह १९९३ मध्ये तिच्यावर एक मार्ग मांडला. प्रत्येक ठिकाणची आज्ञावली एस्टरेलप्रमाणे आतून समकालिक राहते आणि ठिकाणांमधला संवाद टोनी होअर यांच्या पद्धतीने, दोन्ही बाजू तयार झाल्यावरच होतो. दुसरा मार्ग व्हिएन्नातील हेर्मान कोपेट्झ यांच्या काळ-प्रेरित रचनेचा. तिच्यात सर्व संगणकांची घड्याळे जुळवून ठेवतात आणि प्रत्येक संदेशाची वेळ आधीच ठरवतात.

सद्यःस्थिती : आज्ञावली निर्दोष असली तरी तिचे भाषांतर करणारा कंपायलर चुकू शकतो. २०१७ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी व्हेल्यूस या लुस्त्र-कंपायलरची अचूकता कॉक या सिद्धता-साधनात तपासून दाखवली. समीकरणापासून यंत्रभाषेपर्यंतची साखळी त्यामुळे सिद्धतेच्या कक्षेत आली. संवेदकाने दिलेले मूल्य खरे आहे का आणि मुळात घातलेली अट योग्य होती का, हे प्रश्न मात्र कोणतीही भाषा सोडवू शकत नाही. ती जबाबदारी प्रणाली रचणाऱ्या अभियंत्याचीच राहते.