स्किझोफ्रेनिया : गोळीनं आवाज थांबतात, मग ‘आळस’ का जात नाही?

नांदेड/लातूर : पोरगं रात्र-रात्र झोपत नाही, एकटंच बोलतंय, जेवणात विष कालवलं म्हणतंय... अशी लक्षणं दिसली की किनवट असो वा उदगीर, पहिला संशय बाहेरच्या बाधेचा किंवा करणीचा घेतला जातो. प्रत्यक्षात हा स्किझोफ्रेनिया, म्हणजे छिन्नमनस्कता हा मेंदूचा आजार असू शकतो. जगात साधारण ३०० जणांमागे एकाला तो होतो आणि बहुतेकदा ऐन तारुण्यात सुरू होतो.

मेंदूत काय होतं?
मेंदूच्या पेशी एकमेकींना निरोप देतात ते रसायनांमार्फत. त्यातलं एक डोपामाईन. या आजारात मेंदूच्या एका खोल भागात ते जास्त तयार होतं, असं स्कॅनच्या अभ्यासांत दिसलं आहे. त्यामुळं साध्या गोष्टीलाही भलता अर्थ येतो. पारावर दोघं बोलत बसले तरी ‘माझ्याविरुद्धच कट चाललाय’ असं वाटतं. आवाज ऐकू येतात तेव्हा मेंदूतली ऐकण्या-बोलण्याची केंद्रं खरोखरच काम करत असतात. म्हणजे रुग्ण नाटक करत नाही.

औषधं काय करतात?
१९५२ मध्ये पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन या औषधाचा वापर सुरू झाला. तेव्हापासूनची बहुतेक औषधं डोपामाईनचा परिणाम रोखतात. गुण यायला काही आठवडे लागतात. दोन औषधं पुरेशी देऊनही फरक पडला नाही तर क्लोझापिन देतात; त्यासाठी नियमित रक्ततपासणी लागते. गोळ्या चुकत असतील तर बरेच दिवस पुरणारं इंजेक्शनही मिळतं. वजन किंवा साखर वाढली, हात थरथरले तर डॉक्टरांना सांगा. बरं वाटलं म्हणून परस्पर गोळ्या बंद केल्या तर आजार उलटतो.

‘आळस’ हाही आजारच
आवाज थांबले तरी माणूस गप्प-गप्प राहतो, अंघोळ टाळतो, शेतात जात नाही. घरचे म्हणतात, ‘आता आयतं बसून खायची सवय लागली.’ पण उमेद, लक्ष आणि आठवण कमी होणं हा आजाराचाच भाग आहे आणि सध्याच्या गोळ्यांचा त्यावर फारसा परिणाम होत नाही. तिथं गरज लागते माणसांची.

भारतात झालेल्या एका अभ्यासात हेच तपासलं गेलं. गोवा, तामिळनाडू आणि आपल्या राज्यातला सातारा इथल्या २८२ रुग्णांचा त्यात समावेश होता. निष्कर्ष २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. काही रुग्णांना नेहमीच्या उपचारांसोबत प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्त्यांच्या घरभेटी मिळाल्या. वर्षभरानंतर त्यांची लक्षणं आणि रोजच्या कामातल्या अडचणी थोड्या अधिक कमी झाल्या. फरक मोठा नव्हता. पण सेवा कमी असलेल्या ग्रामीण तामिळनाडूत तो सर्वांत ठळक दिसला. मराठवाड्यानं लक्षात घ्यावं असं हे आहे.

घरच्यांनी काय करावं?
टोमणे नकोत, वाद नको. ठरलेल्या वेळी उठवणं, जनावरांना पाणी दाखवणं अशा छोट्या कामांपासून सुरुवात करावी.

कुठं जावं?
नांदेडचं डॉ. शंकरराव चव्हाण आणि लातूरचं विलासराव देशमुख ही शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं. ‘टेलिमानस’चा १४४१६ हा क्रमांक मोफत आणि २४ तास सुरू असतो, मराठीतही बोलता येतं. २०१६ च्या कायद्यानुसार मानसिक आजारासाठीही दिव्यांग प्रमाणपत्र मिळू शकतं.