पुढच्या सुट्टीत

मंडळी, परवा जुन्या वह्या चाळताना एक घडी घातलेला कागद सापडला. एका बाजूला माझं अक्षर, दुसऱ्या बाजूला सौ.चं. हा लेख त्या कागदाबद्दल आहे. पण मास्तरकी अंगात मुरलेली, त्यामुळे सरळ मुद्द्यावर येणं काही जमत नाही. थोडा इतिहास सांगावाच लागेल. सांभाळून घ्या!

आमचा गोंदिया जिल्हा म्हणजे महाराष्ट्राचं अगदी ईशान्येचं टोक. १ मे १९९९ ला भंडाऱ्यापासून वेगळा झाला. त्याआधी आम्ही सगळे भंडाऱ्याचेच, 'तलावांच्या जिल्ह्यातले'. पाणी आम्हाला नवीन नाही. कोहळी समाजाच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या खपून बांधलेले तलाव गावोगाव आहेत. सौ.चं माहेर नवेगावबांधच्या बाजूचं. मोठं पाणी म्हणजे काय, हे ती माझ्यापेक्षा जास्त जाणते. पण तलावाचं पाणी बिचारं जागच्या जागी असतं. पावसाळ्यात वर, उन्हाळ्यात खाली. समुद्र म्हणजे वेगळंच प्रकरण, आणि आमच्या मुलखापासून तो फार दूर.

आमच्या आधीच्या पिढीत समुद्र पाहिला तो यात्रेत. १८९७ मध्ये पुरीपर्यंत रेल्वे पोचली आणि हळूहळू आपल्याकडच्या लोकांनाही जगन्नाथ आवाक्यात आला. माझे आईवडील १९६२ साली गेले होते. परत आल्यावर आईने तिथला वाळलेला प्रसाद गावभर वाटला. "समुद्र कसा होता गं?" असं मी विचारलं, तर म्हणाली, "मोठा. खारट. आणि गप्प बसत नाही." तिने समुद्राला नमस्कार केला, डोक्यावर पाणी घेतलं आणि ती पुढच्या देवळाकडे निघाली. समुद्रकाठी नुसतं बसायचं असतं, हे तिच्या मनातही आलं नसेल.

खरं म्हणजे हे कुणाच्याच मनात फार पूर्वीपासून नव्हतं. समुद्रकाठी 'हवापालट' करण्याची फॅशन इंग्लंडात अठराव्या शतकात सुरू झाली. डॉ. रिचर्ड रसेल नावाच्या वैद्याने १७५० च्या सुमारास पुस्तक लिहून समुद्राचं पाणी औषध म्हणून सांगितलं. त्यात डुंबायचं आणि ते प्यायचंसुद्धा! श्रीमंत लोक ब्रायटनला जाऊ लागले. १८४१ मध्ये लंडनहून ब्रायटनला रेल्वे झाली आणि साध्या माणसांचीही तिथे रीघ लागली. म्हणजे औषध आधी आलं, मौज नंतर. तरी एक अडचण होतीच. कामगाराला रेल्वेचं तिकीट परवडलं तरी रोजी बुडायची. ती अडचण फ्रान्समध्ये १९३६ साली सुटली. तिथल्या सरकारने सगळ्या कामगारांना वर्षाला दोन आठवड्यांची भरपगारी सुट्टी दिली, वर रेल्वेच्या भाड्यात ४० टक्के सवलत. त्या उन्हाळ्यात कितीतरी कामगार कुटुंबांनी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. इंग्लंडात असा कायदा १९३८ मध्ये झाला.

आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याने वर्षात २४० दिवस भरले की दर २० दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा दिली. आमच्या गोंदियाचा धंदा बिडीचा. बिडी कामगारांसाठी १९६६ साली वेगळा कायदा आला, त्यातही रजा होती. पण माझी सासू घरी बसून, मांडीवर सूप घेऊन बिड्या वळायची. तिला कधी भरपगारी रजा मिळाल्याचं मी तरी पाहिलं नाही. आणि बिड्या वळून झाल्यावर जो स्वयंपाक करायची, त्याची रजा तर कोणत्याच कायद्यात नाही.

तर आता मुद्दा.

आमचं लग्न १९७६ च्या मे महिन्यातलं. १९७७ च्या उन्हाळ्यात शेजारचे गुरुजी मुंबईला जाऊन आले. त्यांच्या मंडळींनी चौपाटीचं वर्णन केलं. रात्री सौ. हळूच म्हणाली, "समुद्र पाहाले जाऊ का जी आपण?" मी वहीतून डोकं वर न काढता म्हणालो, "पुढच्या सुट्टीत."

पुढच्या सुट्टीत धाकट्या बहिणीचं लग्न निघालं. दिवाळीची सुट्टी आमच्याकडे फिरायची नसतेच. त्या दिवसांत धानकापणी असते, आणि मग गावोगावची मंडई, पाहुणेरावळे. १९८१ ला जनगणना, १९९१ ला जनगणना, २००१ ला पुन्हा जनगणना. मधे निवडणुका. मग घर बांधलं, मुलांची शिक्षणं झाली, आई अंथरुणाला खिळली. कारणं सगळी खरी होती हो, एकही खोटं नव्हतं. पण आज हिशेब मांडतो तेव्हा दिसतं, की त्याच वर्षांत मी दोनदा सहलीची मुलं घेऊन वेरूळ-अजिंठ्याला गेलो, संघटनेच्या अधिवेशनांना गेलो. सौ. त्या ३२ वर्षांत माहेर सोडून कुठेही चार दिवस राहिली नाही. आणि तिने तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. मला वाटलं, विसरली असेल.

आणखी एक कबुली द्यायची आहे. मी पाचवी-सहावीला भूगोल शिकवायचो. फळ्यावर पृथ्वी, चंद्र काढून तीस वर्षं भरती-ओहोटी शिकवली. पण भरती मी स्वतः कधी पाहिलीच नव्हती! एकदा एका मुलाने विचारलं, "गुरुजी, ओहोटीले पानी जाते कुठं?" मी त्याला पुस्तकातलं वाक्य वाचून दाखवलं.

२००८ साली निवृत्त झालो. सत्काराला शाल-श्रीफळ मिळालं. घरी आल्यावर सौ.ने शालीची घडी घातली आणि म्हणाली, "आता पुढची सुट्टी कधी लागते?" एवढंच. विसरली नव्हती.

मग मात्र मी कामाला लागलो. जायचं कुठे? पुरी आम्हाला सोयीची. पण सौ. म्हणाली, "तिथं गेलो तर यात्राच होते. देव, पंडे, प्रसाद. मले नुसता समुद्र पाहाचा आहे." शेवटी गणपतीपुळे ठरलं (देव तिथेही आहे, पण तो समुद्राच्या अगदी काठावर आहे, म्हणून चालला!). जायला आपली महाराष्ट्र एक्स्प्रेस. गोंदियाहून सकाळी बसायचं, नागपूर, अकोला, भुसावळ, मनमाड, दौंड, पुणे, मिरज करत दुसऱ्या दिवशी दुपारी कोल्हापूर. तेराशे किलोमीटरच्या वर प्रवास, आणि सगळा एकाच राज्यात. धानाचा मुलूख, मग कापसाचा, मग केळीचा, मग उसाचा. मी सौ.ला खिडकीतून अख्खा भूगोल दाखवला. ती म्हणाली, "परीक्षा नाही ना जी शेवटी?"

कोल्हापूरला मुक्काम करून एसटीने आंबा घाटातून खाली उतरलो. तो जानेवारी २००९ होता.

आता त्या कागदाबद्दल. मी चार दिवसांचं वेळापत्रक केलं होतं. शाळेत करतो तसं, रेघा आखून. सकाळी ६ वाजता सूर्योदय (सूर्य तिथे डोंगरामागून उगवतो हे गेल्यावर कळलं!), ७ वाजता दर्शन, ८ वाजता प्रदक्षिणा, ९.३० ला जयगड किल्ला, दुपारी मालगुंड, संध्याकाळी रत्नागिरी. दुपारच्या विश्रांतीला ४० मिनिटं. आम्ही एका घरी खोली घेतली होती. पहिल्या दिवशी पहाटे जाग आली तर सौ. अंगणात. यजमानीणबाईंकडे झाडू मागत होती! त्या बाई हसून म्हणाल्या, "अहो, तुम्ही आराम करायला आलात ना?" सौ. ओशाळली. आम्हा दोघांनाही आराम कसा करतात हे ठाऊक नव्हतं.

दर्शन झालं, डोंगराला प्रदक्षिणा झाली, आणि मग आम्ही वाळूवर आलो. पाणी चढत होतं. त्या समुद्राला ओढ फार, पोहणारे बुडाले आहेत, म्हणून आम्ही घोट्याएवढ्या पाण्यातच उभे राहिलो. लाट परत फिरली आणि सौ.ने माझा दंड घट्ट धरला. "वाळू सरकून राहिली जी पायाखालची!" मंडळी, 'पायाखालची वाळू सरकणे' हा वाक्प्रचार मी हजारो मुलांकडून वाक्यात उपयोग करून घेतला. त्याचा अर्थ मला ५८ व्या वर्षी कळला.

घड्याळात साडेनऊ झाले. मी म्हणालो, "चला, जयगड." ती म्हणाली, "तुम्ही जा." मी म्हणालो, "अगं, वेळापत्रक…" तिने माझ्या हातातून तो कागद घेतला, घडी घातली आणि आपल्या पिशवीत टाकला. मग वाळूत बसली. मीही बसलो. दुसरा दिवसही तसाच गेला. बसायचं, खायचं, झोपायचं, पुन्हा बसायचं. जेवणात आमटीत गूळ आणि ओलं खोबरं सगळ्यात. आमच्या तिखट जिभेला ते दोन दिवस कळेना, सोलकढी मात्र पहिल्याच घोटाला आवडली. यजमानीणबाईंना सौ.ने विचारलं, "तुम्ही रोज येता का समुद्रावर?" तर म्हणाल्या, "कुठला वेळ? मे महिन्यात माहेरवाशिणी आल्या की त्यांच्याबरोबर एखाद्या वेळी." मला आमच्या तलावाची आठवण झाली. आम्ही तरी बांधावर कधी नुसते बसलो होतो?

कोकणच्या लोकांचं समुद्राशी नातं मौजेचं नाही, हे तिथे गेल्यावर समजतं. समुद्र म्हणजे मासळी, समुद्र म्हणजे बोटीने मुंबईला चाकरीला गेलेला मुलगा. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली, सहाशेवर माणसं गेली.

तिसऱ्या दिवशी दुपारी सौ.च आपणहून म्हणाली, "चला, तुमचं काही तरी पाहू." रत्नागिरीला थिबा राजवाडा पाहिला. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा याचं राज्य इंग्रजांनी १८८५ मध्ये घेतलं आणि पुढच्या वर्षी त्याला राणी सुपयालतसह रत्नागिरीला आणून ठेवलं. हा राजवाडा १९१० मध्ये झाला, १९१६ मध्ये राजा इथेच वारला. तीस वर्षं समुद्रकाठी! राणी १९१९ मध्ये रंगूनला परतली. मी उत्साहाने हे सगळं सांगत होतो. तोच समुद्रकिनारा, तीच हवा. महात्मा गांधींचं १९२४ मध्ये पुण्यात अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, त्यानंतर ते जुहूच्या समुद्रकाठी विश्रांतीला राहिले. १९४४ मध्ये आगाखान पॅलेसमधून सुटल्यावरही जुहूलाच गेले. त्यांना समुद्र औषध, आणि थिबाला तुरुंग.

सौ.ने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्या राणीले कोणी विचारलं असन का, कुठं राहाचं आहे म्हणून?"

ती राणीबद्दलच बोलत होती. टोमणा मारणं तिचा स्वभाव नाही. पण परतीच्या एसटीत मी गप्प होतो. ३२ वर्षांत तिने एकदा विचारलं होतं, मी एकदाही नाही. आणि अखेर घेऊन आलो, तेव्हाही सकाळी सहापासूनचं वेळापत्रक माझंच. त्या रात्री तिला म्हणालो, "चुकलं माझं." ती म्हणाली, "आलो ना आता. झोपा."

चौथ्या दिवशी मी एकच गोष्ट मागितली, मालगुंड. केशवसुतांचं जन्मगाव, अगदी जवळ. मराठी घेऊन बी.ए. झालेल्या माणसाला तिथे न जाता परतणं कसं शक्य आहे? १८६६ साली जन्मलेला हा कवी, तोही पेशाने शिक्षक. स्मारकाच्या अंगणात सौ. माझ्याइतकाच वेळ शांत बसली.

आता तिचे गुडघे फार दुखतात, वाळूत चालणं होत नाही. त्यानंतर आम्ही पुन्हा समुद्रावर गेलो नाही. पण हिवाळ्यात मुलगा गाडीने नवेगावबांधला नेतो. आम्ही खुर्च्या टाकून पाण्याकडे बघत बसतो. वेळापत्रक नसतं.

असो. तर तो कागद. माझ्या वेळापत्रकाच्या मागच्या बाजूला सौ.ने पेन्सिलने लिहून ठेवलंय. किनाऱ्यावर एक काळा खडक होता, तो पूर्ण बुडाला की ती यजमानीणबाईंच्या घड्याळावरून वेळ विचारून ठेवायची. मला पत्ताही नव्हता. पहिला दिवस, दहा. दुसरा, पावणेअकरा. तिसरा, साडेअकरा. चौथा, सव्वाबारा.

भरती रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येते, कारण चंद्रही रोज तेवढाच उशिरा उगवतो. हे मी तीस वर्षं शिकवलं. सातवी पास झालेल्या माझ्या बायकोने ते चार दिवसांत स्वतः मोजलं. नातीला सध्या भूगोलात तोच धडा आहे. परवा तिला मी पुस्तक न देता हा कागद दिला, आणि म्हणालो, "आजीला विचार."