सर्पदंशावरील वनौषधी : लोकानुभव आणि प्रयोग

चांदे हे गाव ज्या मुळशी तालुक्यात आहे, तेथील भातखाचरांत पावसाळ्यात राबणाऱ्या शेतकऱ्यास सर्पदंशाचे भय नवे नाही. दंशावर मुळी उगाळून पाजण्याची अथवा तिचा लेप देण्याची चाल महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात जुनी आहे. तिच्या गुणाची साक्ष म्हणजे वाचलेला रोगी. परंतु ही साक्ष निर्णायक नव्हे. साप बिनविषारी असेल, किंवा विषारी सापाने दंश करूनही विष सोडले नसेल, तर रोगी औषधाविनाही वाचतो; श्रेय मात्र मुळीला मिळते.

या समजुतीची पद्धतशीर परीक्षा मुंबईत परळ येथील हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये झाली. डॉ. कृ. श्री. म्हसकर व फादर कायस यांनी तीनशेहून अधिक वनस्पती प्राण्यांवरील प्रयोगांत तपासल्या. विषाचे प्रमाण संशोधकाच्या हाती असल्याने दैवाने वाचलेला व औषधाने वाचलेला हा भेद स्पष्ट करता आला. १९३१ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, सर्पविषाचा प्रतिबंध वा उपचार करण्याचा गुण त्यांपैकी एकीतही नाही. पुढील वर्षी विंचूदंशावरील वनस्पतींविषयीही या दोघांचे संशोधन प्रसिद्ध झाले.

तथापि एका गुणाचा अभाव म्हणजे सर्व गुणांचा अभाव नव्हे. सर्पदंशावर नावाजलेली सर्पगंधा याचे उत्तम उदाहरण होय. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी तिच्या मुळीचा रक्तदाबावरील परिणाम रुग्णांत पाहून १९४९ साली तो निबंधरूपाने मांडला. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. ते मज्जातंतूंच्या टोकांशी असलेला संदेशवाहक द्रव्यांचा साठा रिता करते. त्यामुळे रक्तवाहिन्या सैलावून रक्तदाब उतरतो. त्याच क्रियेमुळे काही रुग्णांस खिन्नताही जडते, हे पुढे ध्यानात आले.

या दोन्ही घटना एकत्र पाहिल्या असता लोकवैद्यकाचा सरसकट स्वीकार जितका अशास्त्रीय, तितकाच सरसकट अव्हेरही अशास्त्रीय ठरतो. वनस्पतीची परीक्षा विशिष्ट गुणापुरतीच असते व निकालही तेवढ्यापुरताच. सर्पदंशाच्या बाबतीत मात्र तो निकाल निःसंदिग्ध आहे. नाग, मण्यार, घोणस व फुरसे यांच्या विषांवर प्रतिसर्पविष लस हाच सिद्ध उपाय होय. मुळी उगाळण्यात गेलेला वेळ रोग्याच्या आयुष्यातून वजा होतो.