ईस्टरची न्याहारी आणि घरचें तोरण



ईस्टर म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाचा सण. पहाटेची उपासना आटोपून मंडळी घरीं येते. चाळीस दिवसांचा उपवासकाळ संपलेला असतो. आणि सारें कुटुंब एकत्र बसून भरपेट न्याहारी करतें. उशीरा होणाऱ्या अशा न्याहारीस इंग्रज लोक ‘ब्रंच’ म्हणतात. गाय बेरिंजर नांवाच्या लेखकानें हा शब्द १८९५ सालीं छापून प्रचारांत आणला. त्याच सालच्या दुसऱ्या एका गोष्टीकडे मला पुढें वळावयाचें आहे. तूर्त या न्याहारीसाठीं घर कां व कशानें सजवितात तें पाहूं.

सजावटीचा मुख्य मान अंड्याचा. त्याचें कारण आधीं अगदीं व्यावहारिक आहे. मध्ययुगीन युरोपांत उपवासकाळीं मांसाबरोबर अंडींहि वर्ज्य असत. कोंबड्यांना मात्र हा नियम कोणी सांगितलेला नव्हता! त्यामुळें सणापर्यंत घरोघर अंड्यांचा सांठा होई. तीं उकडून, रंगवून एकमेकांस देत. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या १२९० सालच्या हिशेबांत रंगविण्यासाठीं व सोन्याचा वर्ख लावण्यासाठीं घेतलेल्या ४५० अंड्यांचे अठरा पेन्स मांडलेले आहेत, म्हणजे पेनीस पंचवीस अंडीं पडलीं. कवच फोडून पिलूं बाहेर येतें, तसा प्रभु कबरेंतून उठला, असा अर्थहि त्याला जडला. पूर्वेकडील ख्रिस्ती लोक रक्ताची खूण म्हणून अंडें तांबडें रंगवितात. सशाची कथा निराळी. अंडीं आणणाऱ्या सशाची जर्मन लोकसमजूत फ्रांक फॉन फ्रांकेनाउ या वैद्यानें १६८२ सालीं एका लॅटिन निबंधांत नोंदविली. आज दुकानांतून जो चॉकलेटचा ससा मिळतो तो याच कुळांतला. नागपूरच्या उन्हांत तो फार वेळ उभा राहत नाहीं, हें सांगणें नलगे.

आतां आपल्या गांवाकडे येऊं. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ सालीं नागपुरास आले, तेव्हां येथें भोसल्यांचें राज्य होतें. पुढें येथें ख्रिस्ती कुटुंबें वसलीं, आणि त्यांच्यापुढें एक अवघड प्रश्न उभा राहिला. उंबऱ्यावरची रांगोळी, दारावरचें आंब्याच्या पानांचें तोरण, हीं जुन्या धर्माचीं कीं या मातीचीं? धर्म बदलला म्हणजे बोटांतली कलाहि टाकावयाची काय?

या प्रश्नास ज्यांनीं सर्वांत ठाम उत्तर दिलें ते कवि नारायण वामन टिळक. नागपुराहून राजनांदगांवास जातांना आगगाडींत एका गोऱ्या गृहस्थांनीं त्यांना नव्या कराराची प्रत दिली, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० सालीं झाला. मधलीं वर्षें त्या घरानें किती दुःखांत काढलीं हें ‘स्मृतिचित्रें’ वाचणारांस ठाऊक आहे. अशी किंमत मोजलेल्या टिळकांनीं ख्रिस्ती उपासनेंत अभंग आणले, कीर्तन आणलें. देवळांत टाळ चालतो, तर न्याहारीच्या खोलींत तोरण कां चालूं नये? मला तर यांत कांहींच विसंगत दिसत नाहीं.

शिवाय पंचांगहि अनुकूल आहे. २१ मार्च रोजीं किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेपुढील रविवार, ही ईस्टरची ढोबळ गणना. म्हणून तो बहुधा चैत्री, कधीं फाल्गुनी पौर्णिमेच्या पाठोपाठ येतो. होळीच्या रंगासाठीं आणलेलीं पळसाचीं फुलें तेव्हां घरांत वाळलेलीं असतात. तीं पाण्यांत उकळावीं, गाळून चमचाभर शिरका घालावा, आणि पांढऱ्या कवचाचीं अंडीं त्यांत बुडवून ठेवावीं. पिंवळसर केशरी छटा येते. हळदीनें पिंवळा, कांद्याच्या सालींनीं तांबूस तपकिरी रंग चढतो. कोथिंबिरीचें पान अंड्यावर चिकटवून वर मलमलीचें फडकें घट्ट बांधावें आणि सालींच्या पाण्यांत उकडावें; पानाखालची जागा फिकी राहून त्याची नक्षी उमटते. हें काम मुलांकडे द्यावें, चूल मात्र मोठ्यांनीं सांभाळावी.

एप्रिलांत येथें पारा चाळिसापुढें जातो, म्हणून उकडलेलीं अंडीं शोभेसाठीं तासन् तास मांडूं नयेत. त्यापेक्षां कच्च्या अंड्याच्या दोन्ही टोकांस सुईनें भोंक पाडून आंतला बलक फुंकून काढावा. त्याचें आम्लेट होतें, आणि धुवून रंगविलेलीं कवचें दोऱ्यांत ओंवून आंब्याच्या पानांमध्यें टांगतां येतात. मागच्या रविवारीं देवळांतून आणलेल्या झावळ्यांच्या पट्ट्या विणून लहान क्रूस होतात. ते टाकावयाचे नसतात. पुढील वर्षीं राखेच्या बुधवारीं कपाळास लावावयाची राख अशाच वाळल्या झावळ्यांची करतात. मेजावर मोगरा ठेवावा. तो पाण्यांत ठेवला तर न्याहारी होईपर्यंत टवटवीत राहतो.