दम, दावण आणि राखीव गडी

कुकडी, मीना आणि घोड या नद्यांच्या खोऱ्यांत, जुन्नर व आंबेगाव या दोन तालुक्यांत मिळून, पारगाव नावाची दोन गावे आहेत. जुन्या महसुली विभागणीस अनुसरून एकास पारगाव तर्फे आळे व दुसऱ्यास पारगाव तर्फे अवसरी बुद्रुक असे म्हणतात. विजेचे पंप येण्यापूर्वी या टापूतील बागायत मोटेवर चाले, आणि मोटेचा एक नियम तेथील लहान पोरासही ठाऊक असे : एकाच जोडीने दिवसभर ओढावयाचे नसते. ऊन चढले की दमलेले बैल सोडावयाचे आणि दावणीची ताजी जोडी जुंपावयाची. ज्याच्या दावणीला दुसरी जोडी नसे त्याची मोट दुपारी थांबे. शेजाऱ्याची चालू राही. दोघांचे बैल सारखेच सशक्त असोत, दोघांच्या विहिरींना पाणीही सारखेच असो; भेद काय तो दावणीचा.

अमेरिकेतील महाविद्यालयांत वाढलेल्या बास्केटबॉल या खेळाचा इतिहास पाहू गेल्यास त्यातही हाच भेद पदोपदी आढळतो. दमलेल्या गड्याचे काय करावे, त्याच्या जागी कोणाला आणि कितीदा येऊ द्यावे, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ नियमाचा वाटतो. वस्तुतः सामना कोणी जिंकावा, थोडक्या गुणी गड्यांच्या संघाने की मोठ्या दावणीच्या संघाने, याचाच निकाल त्यात दडलेला असतो.

हा खेळ जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने १८९१ च्या डिसेंबरात स्प्रिंगफील्ड येथील ख्रिस्ती तरुण संघाच्या शिक्षणसंस्थेत शोधून काढला. हिवाळ्यात घराबाहेर खेळता येत नसे, आणि वर्गातील अठरा तरुण कवायतीला कंटाळले होते. म्हणून त्याने त्यांचे नऊ-नऊंचे दोन पक्ष केले व सज्जाच्या कठड्याला पीच फळांच्या टोपल्या टांगल्या. त्याच्या तेरा नियमांत वेळाचा नियम होता : पंधरा मिनिटांचे दोन भाग व मध्ये पाच मिनिटांची विश्रांती. म्हणजे थकव्याचा विचार त्याने केला होता. परंतु तो सर्वांच्या एकत्रित थकव्याचा. एकटा दमला तर काय, या प्रश्नाची त्या बंदिस्त व्यायामशाळेत कोणाला निकड भासली नसावी.

१८ जानेवारी १८९६ रोजी आयोवा येथे शिकागो विद्यापीठाचा संघ तेथील संघाशी खेळला. पाच-पाच गड्यांचा पहिला महाविद्यालयीन सामना म्हणून त्याचा उल्लेख होतो. शिकागोने तो १५ विरुद्ध १२ असा जिंकला. आणि दोन्ही पक्षांपैकी एकानेही बदली गडी घेतला नाही. त्या काळच्या दृष्टीने यात नवल नव्हते. ज्याने सामना सुरू केला त्यानेच तो संपवावा, यात एक प्रकारचा पुरुषार्थ मानला जाई. नियमही त्याच वृत्तीचा होता : एकदा बाहेर गेलेल्या गड्यास त्या सामन्यात परत येता येत नसे. त्यामुळे गडी लंगडत असला तरी शिक्षक त्यास बाहेर काढण्यास कचरत. विश्रांती देणे म्हणजे गडी गमावणेच होते.

हा बांध एकदम फुटला नाही. १९२० च्या सुमारास बाहेर गेलेल्यास एकदा परत येण्याची मुभा मिळाली, १९३४ च्या सुमारास दोनदा. पुढे १९३७-३८ च्या हंगामात आणखी एक बदल झाला, आणि थकव्याच्या दृष्टीने तो सर्वांत मोठा म्हटला पाहिजे. तोपर्यंत प्रत्येक गोलानंतर चेंडू मैदानाच्या मध्यावर आणून दोन उंच गड्यांमध्ये उडविला जाई. तेवढ्यात बाकीच्यांना श्वास घेण्यास अवसर मिळे. हा विधी बंद झाला, गोल होताच खेळ पुढे धावू लागला, आणि पाच जणांचा दम चाळीस मिनिटांस पुरेनासा झाला. अखेर १९४४-४५ पासून बदलीवरील सर्व मर्यादा उठली. अर्ध्या शतकात नियमाने अगदी उलट टोक गाठले : पूर्वी बाहेर पडणे हीच शिक्षा होती, आता बाकावरची माणसे हीच संपत्ती ठरली.

या मधल्या काळातील एक प्रसंग मराठी माणसाने मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगा आहे. १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिक सामन्यांत बास्केटबॉलला प्रथमच स्थान मिळाले. एका सामन्यात एका संघाचे सातच गडी उतरावेत, असा तेथे निर्बंध होता. अमेरिकेने चौदा गडी नेले, त्यांचे सात-सातांचे दोन गट केले व ते आळीपाळीने उतरविले. अंतिम सामना उघड्यावर, पावसाने चिखल झालेल्या मैदानात झाला आणि अमेरिकेने कॅनडाचा १९ विरुद्ध ८ असा पराभव केला. मोटेच्या दोन जोड्यांचाच हा प्रकार. त्याच वर्षी, त्याच बर्लिनमध्ये, अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. अमेरिकन शिक्षक दोन गटांची जुळणी करीत होते, आणि ज्या खेळांत हा प्रश्न फार निराळ्या रीतीने सोडविलेला होता ते खेळ त्याच शहरात दाखविले जात होते. परस्परांकडे कोणी लक्षपूर्वक पाहिले असेल, असे वाटत नाही.

हा निराळा मार्ग म्हणजे खो-खो. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने या खेळास नियमबद्ध स्वरूप देण्यास प्रारंभ केला. पुढे रूढ झालेल्या पद्धतीत संघ बारांचा, त्यांपैकी नऊ मैदानात व तीन राखीव. पाठलाग करणाऱ्या नऊंपैकी आठ जण दोन खांबांमधील चौकोनांत, एकाआड एक विरुद्ध दिशांकडे तोंडे करून बसतात आणि नववा धावतो. धावणाऱ्यास मागे वळता येत नाही, मधली पट्टी ओलांडता येत नाही. दम सरला, किंवा पळणारा पलीकडच्या बाजूस निसटला, की तो बसलेल्याच्या पाठीस हात लावून ‘खो’ देतो, स्वतः त्याच्या जागी बसतो, व ताजा गडी बाणासारखा सुटतो. दुसऱ्या शब्दांत सांगावयाचे तर बास्केटबॉलमध्ये जो बाक मैदानाच्या कडेला असतो तो खो-खोने मैदानाच्या मधोमध आणून ठेवला आहे. येथे बदलीसाठी पंचाची शिट्टी लागत नाही, शिक्षकाची खूण लागत नाही. गड्यानेच गड्यास मोकळे करावयाचे असते.

बसलेल्याची ती विश्रांती मात्र नुसती विश्रांती नव्हे. तो उकिडवा असतो, पाय दबा धरून असतात, डोळे पळणाऱ्याच्या पावलांवर खिळलेले असतात. तरीही अर्धा-एक मिनिट तो धावत नाही, आणि शरीरास तेवढेही पुष्कळ असते. इंग्रज शास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यास स्नायूंवरील संशोधनासाठी १९२२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. वेगाने धावणारा मनुष्य प्राणवायूचे जणू ऋण काढतो व थांबल्यावर ते फेडतो, ही कल्पना त्याने मांडली. पुढील संशोधनाने तीत बरीच दुरुस्ती केली आहे. तथापि जोराच्या धावेसाठी स्नायूंत जो तातडीचा साठा असतो त्याचा मोठा भाग अर्ध्या-एक मिनिटात व बहुतेक सर्व काही मिनिटांत भरून येतो, ही गोष्ट आता सर्वमान्य आहे. खो-खो बसविणाऱ्यांनी ही रसायने अभ्यासिली नव्हती. पण पोरे किती धावली की दमतात, हे त्यांनी पाहिले होते.

पळणाऱ्यांच्या बाजूसही हीच योजना आहे. ते तीन-तीनांच्या तुकड्यांनी उतरतात. एक तुकडी मैदानात असता बाकीचे सहा जण बाहेर बसून राहतात. पहिल्या तुकडीत कोणास घालावे, यावर गावोगाव वाद होत आले आहेत. चिवट गडी आरंभीच घातला तर तो पाळीचा बराच वेळ खाऊन टाकतो आणि मागच्यांना विश्रांती मिळते. शेवटी ठेवला तर पाठलाग करणारे दमलेले असता तो त्यांना ताजा भेटतो. हुतूतूतही विश्रांतीचा असाच एक चोरटा प्रकार आहे. संजीवनी पद्धतीत बाद झालेला गडी बाहेर बसतो व प्रतिपक्षाचा गडी मारला की उठून परत येतो. म्हणजे बाद होणे ही शिक्षा खरी, पण दमलेल्याला ती कधीकधी गोडही लागते. गामिनीत असे उठणे नाही, आणि अमर पद्धतीत तर बाद झालेला बाहेरच जात नाही; तेथे ज्याचा दम दांडगा त्याचाच खेळ.

अमर्याद बदलीची मुभा मिळाल्यावरही अमेरिकन महाविद्यालयांनी ती एकदम उपयोगात आणली असे नाही. २२ मार्च १९५७ रोजी नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या संघाने मिशिगन स्टेटचा तीन वाढीव डावांनंतर ७४ विरुद्ध ७० असा पराभव केला. दुसऱ्याच रात्री कॅन्ससविरुद्ध अंतिम सामना. त्यातही तीन वाढीव डाव. दोन रात्रींत ११० मिनिटांचा खेळ, आणि समोर विल्ट चेंबरलेनसारखा सात फुटी गडी! संघाचा आधारस्तंभ लेनी रोझेनब्लूथ अपराधांची मर्यादा भरल्याने बाहेर गेला. अखेर ५४ विरुद्ध ५३ असा एका गुणाने विजय मिळाला. त्या ५४ गुणांत राखीव गडी बॉब यंग याचे दोन होते. पाच नावांपुढे ज्याचे नाव सहसा कोणी उच्चारीत नाही, त्याचे ते दोन गुण वजा केले तर निकाल उलटतो.

दावणीचा पुरता गर्व मात्र पुढे दिसून आला. २०१४-१५ च्या हंगामारंभी केंटकी विद्यापीठाच्या जॉन कॅलिपारी या शिक्षकाने दहा उत्तम गड्यांचे पाच-पाचांचे दोन गट केले व ते अदलून-बदलून उतरविले. प्रतिपक्षाचे पाच जण थकत आले की समोर नवे पाच उभे! डिसेंबरात एका गड्याचा गुडघा दुखावला व ही विभागणी मोडली. तथापि संघाने ओळीने ३८ सामने जिंकले व मग उपान्त्य सामन्यात विस्कॉन्सिनकडून हार खाल्ली. देशातील निवडक तरुण एकाच विद्यापीठात गोळा करता आले म्हणूनच हा थाट शक्य झाला. बदलीची मुभा नियमाने सर्वांस सारखी दिली आहे. ती उपभोगण्याचे सामर्थ्य सारखे दिलेले नाही.

याच्या उलट बाजूस आयोवातीलच ग्रिनेल हे लहानसे महाविद्यालय आहे. तेथे डेव्हिड आर्सेनो या शिक्षकाने पाचही गडी मिनिटा-मिनिटाला बदलण्याची रीत पाडली. कोणीच फार गुणी नसला तरी चालेल, पण जो मैदानात असेल त्याने जीव खाऊन धावावे. बाक येथे श्रीमंतीचे लक्षण न राहता गरिबाचे शस्त्र झाला, आणि खो-खो पाहिलेल्यास ही रीत ओळखीची वाटल्यावाचून राहणार नाही. गंमत अशी की या संघाचा जगभर बोलबाला झाला तो एकाच गड्यामुळे. २० नोव्हेंबर २०१२ रोजी जॅक टेलर याने ३६ मिनिटे खेळून एकट्याने १३८ गुण केले. सर्वांना विश्रांती वाटून देण्याचे तत्त्व त्या रात्री कोठे गेले, हे विचारण्याच्या मनःस्थितीत कोणी नव्हते.

महाराष्ट्रात बास्केटबॉल मुंबईच्या नागपाड्यासारख्या वस्तीत जोमाने रुजला. अर्जुन पुरस्कार मिळविणारा अब्बास मुंतसिर तेथलाच. खेड्यांत तो फारसा गेला नाही. त्यास फळी हवी, कडे हवे, सपाट कठीण जमीन हवी आणि चेंडूची किंमत द्यावी लागते. खो-खोला दोन खांब आणि फक्कीच्या रेषा पुरतात. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीस झालेल्या पहिल्या विश्वचषकात भारताच्या पुरुष व महिला या दोन्ही संघांनी नेपाळला हरविले. त्यांचे कर्णधार प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे हे दोघेही महाराष्ट्राचे. तेथे खेळ मॅटवर झाला, आणि ठराविक वेळेपलीकडे टिकून राहिलेल्या तुकडीस त्याबद्दल वेगळे गुण देण्यात आले. दमाचा इतका उघड हिशोब पूर्वी नव्हता.

पारगावसारख्या गावातील शाळेला अडचण पडते ती खांबांची नव्हे, बारांची. सुगीच्या दिवसांत कोणी रानात गेलेला असतो, कोणी घरी धाकट्या भावंडांना सांभाळीत असतो. नऊ जमले तरी खेळ उभा राहतो. मात्र मधल्या चौकोनातील एखाद्याचा पाय मुरगळला की त्याच्या जागी बसावयास कोणी नसते, आणि धावणाऱ्याला त्या रिकाम्या चौकोनावरून तसेच पुढे, पुढल्या गड्यापर्यंत, धावत जावे लागते.