क्षुद्र कायद्याचा भंग आणि त्याचे फल

कायदेभंग म्हणजे नुसते कायदा मोडणे असे मानले, तर विनातिकीट प्रवासीही सत्याग्रही ठरेल. येथे अभिप्रेत भंग प्रकट असतो, पूर्वसूचना देऊन केलेला असतो आणि त्याचा दंड कर्त्याला मान्य असतो.

त्याचे प्रकार दोन. पहिल्यात मोडला जाणारा कायदा हाच तक्रारीचा विषय असतो. दुसऱ्यात विषय वेगळा आणि मोडलेला कायदा वेगळा. वेतनासाठी रस्ता अडवला, की झळ त्रयस्थ वाटसरूला बसते. पुढील विचार पहिल्या प्रकाराचा आहे.

फल तीन स्तरांवर तपासावे : कायद्याची संहिता, तिचा अंमल आणि प्रजेच्या मनातील भय. ६ एप्रिल १९३० रोजी दांडीला मीठ उचलले गेले, मे महिन्यात शिरोड्याला. मार्च १९३१च्या गांधी-आयर्विन कराराने मिठाचा कायदा रद्द केला नाही. मीठ पिकणाऱ्या भागातील ग्रामस्थांना घरगुती वापरापुरती आणि गावातल्या विक्रीपुरती मोकळीक दिली. मिठावरचा कर उठला १९४७ साली. संहिता अचल राहिली, अंमल किंचित सैलावला.

तिसरा स्तर जंगल सत्याग्रहात अधिक स्पष्ट दिसतो. वऱ्हाडात समुद्र नाही. म्हणून जुलै १९३०मध्ये लोकनायक अणे यांनी पुसदजवळ राखीव जंगलातले गवत कापले. गवताचे मोल ते काय! पण गुरांसाठी जो भारा एरवी गार्डाची नजर चुकवून आणायचा, तो आता दिवसाढवळ्या, आधी कळवून कापला गेला. कृती तीच, तिच्यातली चोरी तेवढी गेली. (दंड मात्र नेहमीच क्षुद्र नसतो : त्याच वर्षी २५ सप्टेंबरला चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात गोळीबाराने माणसे मेली.)

हे सारे प्रतिपक्ष सरकार असेल तर. महाडला २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्या अनुयायांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन करताना कोणताच कायदा मोडला नव्हता. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा १९२३चा बोले ठराव आणि नगरपालिकेचा १९२४चा ठराव अनुकूलच होते. मोडली ती रूढी, आणि तिच्या रक्षकांनी शेण, गोमूत्र, दूध, दही घातलेल्या १०८ घागरींनी तळे 'शुद्ध' केले. डिसेंबरात पुन्हा तळ्यावर जाण्याविरुद्ध न्यायालयाचा तात्पुरता मनाईहुकूम आला. हजारो अनुयायी जमले असूनही डॉ. आंबेडकरांनी तो मोडला नाही. वाट अडवणारे सरकार नव्हते, सवर्ण समाज होता. आणि ज्या कायद्याच्या बळावर त्याला हटवायचे, तोच मोडून चालणार नव्हते. दावा चालत राहिला. मुंबई उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल मार्च १९३७मध्ये लागला.